फाटकावरची राखण

रस्त्यावर आडवी टाकलेली एक काळी रबरी नळी होती. तिच्यावरून गाडीचे चाक गेले की आतली हवा दाबली जाई आणि आमच्या ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायच्या घराच्या, दारापाशी लावलेली घंटा वाजे; पिकअप असली तर दोनदा, अठरा चाकी ट्रक असला तर पाच आसांची पाच वेळा. जून २०१३ पासून मार्च २०१५ पर्यंत, एकवीस महिने, मी आणि माझी पत्नी त्या घंटेच्या तालावर जगलो. घंटा वाजली की दोघांपैकी जो पाळीवर असेल त्याने हेल्मेट आणि चमकत्या पट्ट्यांचे जाकीट चढवून बाहेर यायचे, गाडी थांबवायची, वेळ, नाव, कंपनी, नंबरप्लेट आणि कोणाकडे जायचे आहे ते लिहून घ्यायचे आणि फाटक उघडायचे. गाडी परत निघाली की त्याच ओळीच्या शेवटच्या रकान्यात बाहेर पडल्याची वेळ लिहायची. दिवसाचे चोवीस तास, आठवड्याचे सातही दिवस हे काम चाले, आणि आम्ही राहायचोही तिथेच, फाटकापासून पंधरा पावलांवर.

तेलविहिरीकडे जाणाऱ्या वाटेवरची ही जागा दक्षिण टेक्सासमधल्या मॅकमलन काउंटीत, म्हणजे तिथल्या एका जिल्ह्यात, होती. २०१० च्या जनगणनेत या काउंटीची लोकसंख्या ७०७ भरली होती आणि तिच्या क्षेत्रफळात मुंबईसारखी चार शहरे सहज मावली असती. टिल्डन हे तिथले मुख्य गाव, आणि वाणसामान घ्यायचे तर तिथून सुमारे चाळीस मैलांवर प्लेझंटनला जायचे. पहिल्या दिवशी पत्नी ट्रेलरमधून उतरली, चारी बाजूंना पाहिले आणि म्हणाली, "अहो, हे तर आपल्याकडचंच रान आहे." तिचे म्हणणे पुष्कळसे खरे होते. तिथे सगळीकडे माजलेले मेस्कीट हे आपल्या वेड्या बाभळीचे सख्खे भावंड, फड्या निवडुंग तर मुळात अमेरिकेतूनच आपल्याकडे आलेला, आणि फेब्रुवारीत जी झाडे पिवळ्या गोंड्यांनी भरून जात, ज्यांना तिथले लोक वीसाच म्हणतात, ती म्हणजे आपली देवबाभूळ. परक्या मुलखात पाऊल टेकायला एवढी ओळख पुरते, हा अनुभव मी तेव्हा घेतला.

मी मूळचा उरणचा. ह्यूस्टनमध्ये सतरा वर्षे एका अभियांत्रिकी कंपनीत पाइपांचे आराखडे काढण्याचे काम केले. २०१२ च्या अखेरीस ते काम गेले तेव्हा मी पन्नाशी गाठलेली होती, मुलगी शिकून नोकरीला लागली होती आणि घराचे हप्ते मात्र फिटायचे होते. त्याच काळात दक्षिण टेक्सासमध्ये ईगल फोर्ड नावाच्या खडकातून तेल काढण्याची एकच घाई उडालेली होती. २००८ साली ला सॅल काउंटीत या खडकात पहिली यशस्वी आडवी विहीर खोदली गेली आणि पुढच्या पाच वर्षांत, जिथे गुरे आणि हरणे यांच्याशिवाय फारसे काही नव्हते तिथे शेकडो विहिरी, हजारो ट्रक आणि प्रत्येक विहिरीच्या वाटेवर एक फाटक उभे राहिले. फाटक आले की राखणदार आलाच. आम्ही राज्य सरकारच्या नियमाप्रमाणे बोटांचे ठसे दिले, निःशस्त्र पहारेकऱ्याचा परवाना काढला, तीस फुटी जुना ट्रेलर विकत घेतला आणि घर भाड्याने देऊन निघालो.

त्या फाटकाची गरज नेमकी कोणाला होती, हे मला बऱ्याच दिवसांनी उमगले. आपल्याकडे जमिनीखालचे तेल सरकारचे असते. टेक्सासमध्ये ते खाजगी मालकीचे असू शकते, आणि पुष्कळदा वरच्या मातीचा मालक एक आणि खालच्या तेलाचा मालक दुसराच असतो. अशा वेळी तेलाच्या मालकाला जमिनीवर यायला मातीचा मालक नाही म्हणू शकत नाही; कायदा तेलाला वरचढ मानतो. मग करारात तो एवढीच अट घालून घेतो की फाटकावर रात्रंदिवस माणूस हवा. त्याची गुरे हमरस्त्यावर जाऊ नयेत, कुणी चोरून हरणांची शिकार करू नये (शिकारीच्या हंगामातले भाडे हेच त्या भागातल्या अनेक जमीनदारांचे मोठे उत्पन्न), आणि त्याच्या रानात कोण शिरले हे त्याला कळावे. तेल कंपनीला मात्र त्या नोंदवहीची गरज वेगळ्या कारणासाठी होती. त्या भागातल्या काही विहिरींतून हायड्रोजन सल्फाइड वायू येतो. थोडा असेल तर सडक्या अंड्याचा वास येतो. जास्त असेल तर नाकाची वास घेण्याची शक्तीच बंद पडते आणि माणूस काही कळायच्या आत कोसळतो. फाटकाशेजारी वाऱ्याची दिशा दाखवणारा केशरी कापडी मोजा फडफडत असे. पहिल्याच दिवशी आम्हाला सांगितले गेले की आत काही घडले तर वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघायचे, आणि निघताना दुसरे काही घेतले नाही तरी चालेल, नोंदवही घ्यायची. कारण आत किती माणसे आहेत ते त्या क्षणी जगात फक्त त्या वहीला ठाऊक असते.

हे वाक्य ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, त्याला कारण होते. उरणला आमच्या घराच्या गच्चीवरून रात्री तेल-वायू प्रकल्पाची ज्वाला दिसे. मुंबई हायमध्ये १९७४ साली तेल लागले, पुढे समुद्राखालच्या नळाने ते उरणला येऊ लागले, आणि माझ्या कॉलेजच्या वयात आमच्या आकाशाच्या एका कोपऱ्याला कायमचा नारिंगी रंग चढला. गावातली कितीतरी मुले त्या कामावर लागली, काही समुद्रातल्या, तेल काढायच्या फलाटांवरही गेली. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हायच्या उत्तरेकडच्या फलाटाला आग लागली. आदल्याच दिवशीच्या पावसाने मुंबई बुडालेली होती, फोन लागत नव्हते. आमच्या आळीतला एक मुलगा फलाटावर होता. मी ह्यूस्टनहून रात्रभर भावाला फोन लावत होतो आणि अखेर तो लागला तेव्हा भाऊ म्हणाला, "दादा, त्याच्या आईला कोणी काही सांगत नाही. ती एकच विचारते, किती होते आणि किती आले." त्या दिवशी ३८४ माणसे तिथे होती, ३६२ वाचली, २२ गेली. तो मुलगा वाचला. पण त्या आईचा प्रश्न मी विसरलो नाही, आणि मॅकमलनच्या फाटकावर माझ्या हाती पेन आले तेव्हा मला वाटले की त्या प्रश्नाचे उत्तर वेळेवर देता यावे याचसाठी मला इथे बसवले आहे.

कामाची लय विहिरीवर अवलंबून असे. खोदकाम चालू असताना गाड्या मोजक्याच येत आणि चेहरे ओळखीचे होत. सुमारे दहा हजार फूट खाली जाऊन मग खडकात आडवी खोदलेली विहीर दोन-तीन आठवड्यांत पुरी झाली की पाण्याच्या दाबाने खडक फोडणारी मंडळी येत, आणि मग झोप हा शब्द आम्ही विसरून जात असू. एका विहिरीला चाळीस-पन्नास लाख गॅलन पाणी आणि ट्रकच्या ट्रक भरून वाळू लागते. पाणी थोडेफार तळ्यांतून नळाने येई, बाकीचे टँकरने, आणि एका टँकरमध्ये जेमतेम साडेपाच हजार गॅलन मावे. एका दिवशी आम्ही दोघांनी मिळून ३१२ ओळी लिहिल्या. त्या दिवशी दुपारी पत्नीने वरणभाताचा कुकर तीनदा बंद करून तीनदा पेटवला, आणि तो भात आम्ही रात्री दहाला, आळीपाळीने, उभ्यानेच खाल्ला. रस्ता चुनखडीच्या पांढऱ्या मुरमाचा होता. ती धूळ कपड्यांवर, भांड्यांवर, पापण्यांवर बसे, आणि संध्याकाळी आरशात पाहिले की आम्ही दोघेही वीस वर्षांनी म्हातारे दिसत असू.

रात्रपाळी माझी. कंपनीने दिलेला जनरेटर अखंड धडधडत असे आणि त्याच्या खांबावरच्या दिव्यांखाली तेवढे एक अंगण उजळलेले असे. त्या उजेडाला किडे येत, किड्यांमागे बेडूक येत, आणि बेडकांमागे कधीकधी साप येई. एका जुन्या अमेरिकन राखणदाराने मला शिकवले होते की खुर्चीवरून उठण्याआधी पायांखाली टॉर्च मारायचा. ही सवय अजून गेलेली नाही. क्षितिजावर पाच-सहा ठिकाणी वायूच्या ज्वाला जळत. नळ टाकलेले नाहीत म्हणून तेलाबरोबर वर आलेला वायू तिथे जाळून टाकत. कोठे चूल पेटवायला गॅस नाही आणि इथे तो रात्रभर आकाशात जळतो आहे, याचे मला दुःख होई; पण खरे सांगायचे तर त्या नारिंगी कडेकडे पाहिले की मला गच्चीवरचे उरणही आठवे, आणि दोन्ही भावना एकाच वेळी मनात असत.

दिवसाचे दीडशे डॉलर मिळत, दोघांत मिळून. चोवीसने भागले तर ताशी सव्वासहा होतात, आणि अमेरिकेचे केंद्रीय किमान वेतन २००९ पासून ताशी सव्वासात आहे. जागेचे भाडे नव्हते, वीज-पाणी कंपनीचे होते, त्यामुळे पैसे शिल्लक पडत, हे मान्य केले पाहिजे. फाटकावरचे राखणदार नोकर की स्वतंत्र ठेकेदार, यावर त्याच काळात मोठा खटला चालला होता. केंद्राच्या कामगार खात्याने अशा एका कंपनीकडे साठ लाख डॉलरांहून अधिक थकीत वेतन मागितले होते. २०१३ साली टेक्सासच्या फेडरल न्यायालयाने राखणदार हे ठेकेदारच आहेत असा निर्णय दिला, आणि २०१५ मध्ये अपील न्यायालयाने खात्याने खटला ज्या रीतीने चालवला त्यावरच कडक ताशेरे ओढले. खात्याच्या चुका असतील. त्या न्यायालयाने पाहिल्या. पण मूळ प्रश्नावर माझे मत त्या निकालाशी जुळत नाही. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात राखणदार पुस्तक वाचू शकतो, स्वयंपाक करू शकतो, म्हणून तो वेळ त्याचा होत नाही. एक कान घंटेकडे ठेवून घेतलेली झोप ही झोप नव्हे. माझे वडील उरणच्या मिठागरावर राखण करीत. मिठाच्या हंगामात महिनोन् महिने बांधावरच्या झोपडीत राहत, आणि त्यांनाही पैसे मिळत ते हंगामाचे, जागलेल्या रात्रींचे नव्हेत. आई म्हणायची, "घरी आले तरी ते झोपेत कूस बदलताना मिठागराकडेच तोंड करतात." या कामाचे मोल काय, हे आईच्या त्या वाक्याइतके नेमके मला कुठे सापडले नाही.

एकवीस महिन्यांत आम्ही दोघे मिळून एकदाही कुठे गेलो नाही. एकाने बाजारात जायचे, दुसऱ्याने फाटक धरायचे. २०१३ च्या लक्ष्मीपूजनाला, ३ नोव्हेंबरला, पत्नीने ट्रेलरच्या पायरीवर चार पणत्या लावल्या, आणि वाऱ्याने विझू नयेत म्हणून त्यांच्याभोवती रस्त्यावर ठेवतात ते केशरी शंकू मांडले. त्या रात्री जो जो ड्रायव्हर आला त्याला तिने कागदात दोन चकल्या बांधून दिल्या. बहुतेक ड्रायव्हर खालच्या रिओ ग्रांद खोऱ्यातले, स्पॅनिश बोलणारे, घरापासून दीड-दोनशे मैलांवर आठवडाआठवडा राहणारे. त्यांतला एक साठीच्या जवळ आलेला, पाण्याचा टँकर चालवणारा गृहस्थ टोपी काढून पणत्यांसमोर क्षणभर उभा राहिला. त्या दिवसापासून तो रोज येता-जाता पत्नीच्या हातचा आल्याचा चहा घेई, तिला 'सेन्योरा' म्हणे, आणि आपल्या नातीच्या शाळेच्या गोष्टी सांगे.

नोंदवहीने एकदा एका माणसाला वाचवले, हे मला लिहून ठेवले पाहिजे. जानेवारी २०१४ मधली धुक्याची रात्र होती, उत्तरेचा बोचरा वारा सुटलेला होता. सकाळी सहाला पाळी बदलताना पत्नीने पान उलटून पाहिले आणि म्हणाली, "अहो, हा पावणेदोनला आत गेलाय. अजून बाहेर आलेला नाही." मी गाड्या मोजत होतो, ओळी वाचत नव्हतो, त्या वेळचा माझा डोळा थकलेला होता. विहिरीवरच्या कंपनी मॅनला, म्हणजे तेल कंपनीच्या तिथल्या प्रमुखाला, फोन केला, त्याने माणूस पाठवला. धुक्यात चुकून जुन्या वाटेला लागलेला तो टँकर चिखलात एका कुशीवर कलला होता, ड्रायव्हरचा पाय केबिनमध्ये अडकला होता आणि त्या खोलगट जागी फोनला सिग्नल नव्हता. चार तास तो थंडीत तसाच होता. त्यानंतर पत्नीने नियम केला की दर तासाला पान उलटायचे आणि ज्या ओळीचा शेवटचा रकाना रिकामा आहे तिच्यावर बोट ठेवून नाव मोठ्याने वाचायचे. पुढे तेरा-चौदा महिने आम्ही तो पाळला. रात्री अडीच वाजता, समोर काळेकुट्ट रान असताना, मी एकटा बसून परक्या माणसांची नावे मोठ्याने वाचत असे.

चहा घेणारे ते गृहस्थ २०१४ च्या ऑगस्टमध्ये गेले. त्या दिवशी पहाटे त्यांची तिसरी खेप होती. ते बाहेर पडले तेव्हा पत्नी लवकर उठून बाहेर आलेली होती, तिने चहा विचारला, ते म्हणाले, "आज नको सेन्योरा, डोळे मिटताहेत, आधी खोलीवर पोचतो." तिने पाच वाजून वीस मिनिटे अशी वेळ लिहिली. थ्री रिव्हर्सकडे जाणाऱ्या ७२ क्रमांकाच्या महामार्गावर, आमच्या फाटकापासून बारा मैलांवर, त्यांचा टँकर रस्ता सोडून उलटला. दहाच्या सुमारास राज्य पोलिसांचा एक तरुण शिपाई आला आणि ते किती वाजता निघाले ते विचारू लागला. पत्नीने वही उघडून दिली. त्याने बोटाने ओळ शोधली, वेळ उतरवून घेतली, आभार मानले. ओळ पूर्ण होती. आत गेल्याची वेळ होती, बाहेर पडल्याची वेळ होती, तिच्या गोल, शाळकरी अक्षरात. आमच्या हिशेबाप्रमाणे तो माणूस सुखरूप बाहेर पडला होता.

अमेरिकेत तेल-वायूच्या कामावर माणसे सर्वांत जास्त मरतात ती स्फोटांत किंवा विषारी वायूने नव्हे, रस्त्यावरच्या अपघातांत. ही गोष्ट तिथल्या सरकारी अभ्यासांत वर्षानुवर्षे नोंदलेली आहे आणि फाटकावर बसणाऱ्या कोणालाही ती अभ्यासाशिवाय कळते. चौदा-चौदा तास जागलेली माणसे आमच्या समोरून हमरस्त्याला लागत. आत येणाऱ्याला अडवण्याचा अधिकार आम्हाला होता: डोक्यावर हेल्मेट नसेल, यादीत नाव नसेल, तोंडाला दारूचा वास येत असेल तर फाटक उघडायचे नाही. बाहेर जाणाऱ्याला अडवण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. तसा नियमच कोणी केलेला नव्हता, कारण फाटकाच्या बाहेर जे घडे ते कोणाच्याच वहीत येत नसे.

त्या दिवसांत मला हिरकणीची गोष्ट वारंवार आठवू लागली. रायगडावर दूध विकायला गेलेली ती गवळण, सूर्य मावळला म्हणून बंद झालेले दरवाजे, खाली घरी तान्हे बाळ, आणि पहारेकऱ्यांनी नकार दिल्यावर कडा उतरून गेलेली ती आई. शाळेत असताना मी अर्थातच हिरकणीच्या बाजूचा होतो आणि त्या पहारेकऱ्यांचा मला राग येई. गोष्टीत त्यांना चेहरे नाहीत, नावे नाहीत. पण पन्नाशी ओलांडल्यावर, टेक्सासच्या रानात, मला पहिल्यांदाच त्यांचा हेवा वाटला: त्यांना बाहेर जाणाऱ्याला थांब म्हणता येत होते. मी पत्नीला हे बोलून दाखवले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "थांबवता येणार नाही. बसवता येईल." दुसऱ्या दिवशी तिने बाहेरच्या बाजूला, ट्रक रस्त्यातून बाजूला लागेल एवढी मोकळी जागा माझ्याकडून साफ करून घेतली, दोन खुर्च्या मांडल्या, चहाचा थर्मास ठेवला. ज्याचे डोळे लाल दिसतील त्याच्याशी ती मुद्दाम बोलत राही. नाव लिहिताना स्पेलिंग दोनदा विचारी, घरचे विचारी, आणि मग सहज सांगे की पाऊण तास केबिनमध्ये झोपून जा, मी उठवते. पुष्कळ जण नाही म्हणत. काही जण झोपत. वहीला कडेने तिने एक नवा रकाना पेन्सिलीने आखला होता, त्यात ती अशांच्या नावापुढे एक टिंब देई. कंपनीचा माणूस आठवड्याची पाने न्यायला आला की ते टिंब कशाचे हे त्याने कधी विचारले नाही.

२०१४ च्या जूनमध्ये तेल पिंपाला शंभर डॉलरांच्या वर होते. २७ नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी, व्हिएन्नात ओपेक या तेल-उत्पादक देशांच्या गटाने उत्पादन कमी न करण्याचे ठरवले, आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात भाव पन्नासच्या खाली आला. भावाचा हा आकडा मी वर्तमानपत्रात वाचण्याआधी वहीत वाचला. दिवसाला दोनशे ओळींच्या शंभर झाल्या, शंभराच्या तीस, तीसाच्या सात. खोदणारा मनोरा उतरवून नेला. ज्वाला एकेक करून विझल्या आणि त्या रानावर खऱ्या अंधारातले आकाश मी पहिल्यांदा पाहिले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात निरोप आला की आता फाटकावर आकडे दाबून उघडणारे यंत्र आणि कॅमेरा बसेल, आमचे काम संपले.

शेवटच्या दिवशी देवबाभळी फुललेल्या होत्या. जनरेटर बंद झाल्यावर इतकी शांतता पसरली की आम्ही दोघेही नकळत हळू आवाजात बोलू लागलो. वह्या कंपनीने नेल्या होत्या, खुर्च्या मी घडी करून ट्रेलरमध्ये टाकल्या. कॅमेरा बसवायला येणारी माणसे दुपारी येणार होती, तोवर फाटक उघडेच ठेवायला सांगितले होते. पिकअपला ट्रेलर जोडून मी हळूहळू बाहेर काढला. पुढची चाके नळीवरून गेली, मागची गेली, मग ट्रेलरची दोन्ही, आणि आमच्यामागे, खांबावर काढून ठेवलेली घंटा चार वेळा वाजली. पत्नीने मनगटावरच्या घड्याळात पाहिले. "दहा वाजून चाळीस," ती म्हणाली, आणि तिचा हात मांडीवर पेन शोधू लागला.